त्यानं न ऐकलेलं

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली होती. कानात गाणं चालू होतं आणि गाण्यातली ती जागा आता येणारच होती, जिथं सगळी वाद्यं एकदम थांबतात आणि एकटी गिटार वर चढत जाते. तेवढ्यात तिनं कानातले इयरफोन काढले, वायर बोटांभोवती गुंडाळली आणि पर्समध्ये टाकली. टाकल्यावर तिच्या लक्षात आलं, आपण काय केलं. शेजारच्या बाईनं काही विचारलं नव्हतं. फोन आला नव्हता. उतरायला अजून बराच वेळ होता. नुसता कंटाळा आला होता. हा शब्द मनात उमटला आणि ती सीटवर ताठ झाली. कंटाळा, आणि या गाण्याचा? एकदा याच जागेपायी ती स्टॉप आलेला असताना उठली नव्हती. पुढच्या स्टॉपवर उतरून उलटी चालत आली होती आणि वर साहेबांची बोलणीही खाल्ली होती. आता मात्र बसच्या खिडकीची सैल काच थडथडत होती, मागं कुणीतरी सर्दीनं नाक ओढत होतं, आणि हे सगळं त्या गिटारपेक्षा जास्त खरं वाटत होतं. तिनं घाबरून इयरफोन पर्समधून परत काढले, कानात घातले, गाणं मागं घेऊन पुन्हा लावलं. वाद्यं थांबली. गिटार वर चढली. नेहमीच्या ठिकाणी अंगावर काटा यायचा, म्हणून तिनं आपल्या मनगटाकडे पाहिलं. मनगट नुसतं मनगट होतं. तिनं बाही खाली ओढली, जणू कुणी बघितलं असतं तर पंचाईत झाली असती.

हॉस्पिटलात एमआरआयच्या खोलीत ती टेक्निशियन होती. येणाऱ्या प्रत्येकाला गाऊन घालायला द्यायचा, आडवं करायचं, कानांवर मोठे हेडफोन चढवायचे आणि त्याआधी न चुकता विचारायचं, "अंगावर काही मेटल आहे का? घड्याळ, अंगठी, पिन?" सकाळी पहिले आलेले आजोबा म्हणाले, "एक गुडघा आहे, पण तो काढता येणार नाही." एरवी ती यावर हसली असती आणि हा किस्सा घरी नेला असता. आता तो सांगायला घरी कुणी नव्हतं, म्हणजे आई, तिच्या सासूबाई, होत्या, पण नवऱ्याला सांगण्यात जी मजा होती ती नव्हती. तो म्हणायचा, "जगातली तू एकटीच मेटलवाली असशील, जी दिवसभर लोकांना मेटल बाहेर काढून ठेवायला सांगते." मेटल म्हणजे दोघांचं ते गिटार-ड्रमचं कर्कश संगीत; हा विनोद त्यानं लग्नाच्या पहिल्या महिन्यात केला आणि मग दर दोन-चार महिन्यांनी, नवीन सुचल्यासारखा करत राहिला. काचेपलीकडे मशीन ठोकायला लागलं. बाहेरच्या लोकांना तो आवाज नकोसा होतो. तिला मात्र पहिल्या दिवसापासून त्यात ताल सापडत आला होता. आज ती काचेसमोर बसून ऐकत राहिली आणि विचार करत राहिली की समजा आपलं ते संगीत आवडेनासं झालं, तर मग आपण कोण? पंचेचाळिशी ओलांडलेली, काळे टी-शर्ट घालणारी, काही न आवडणारी एक विधवा. शेवटचा शब्द तिनं स्वतःच मनात आणला आणि स्वतःच तिला तो लागला.

मुळात आवडलं तरी कुठं होतं? दादानं लावलं होतं. तो कॉलेजात, ती शाळेत. दोघांची खोली एकच, मध्ये कपड्यांचं कपाट आडवं लावलेलं. एका दुपारी त्यानं दार लावून घेतलं आणि पकडून आणलेलं जनावर दाखवावं तशा चेहऱ्यानं कॅसेट आत घातली. सुरुवातीला एकच तार, सावकाश, जणू कुणी पावलं न वाजवता घरात शिरतंय. ते तिला फार आवडलं. मग सगळं एकदम कोसळलं. दादानं तिच्याकडे बघून विचारलं, "घाबरलीस?" ती म्हणाली, "छे!" आणि मांडीखाली दोन्ही हात दाबून बसली. स्वयंपाकघरातून तिची आई ओरडली, "अरे, भांडी पडली का रे कुठं?" नंतर कितीतरी दिवस ती त्या पहिल्या संथ तारेसाठीच ऐकायची आणि पुढचं, मोठी माणसं बोलत असताना गप्प उभं राहावं तसं सोसायची. दादा म्हणाला, "ती सुरुवात काय घेऊन बसलीस, ती फसवायला असते. खरं पुढं आहे." मग ती खऱ्याची वाट पाहायला शिकली. आणि सुट्टीतल्या एका दिवशी, काही न करता जमिनीवर पडलेली असताना, ते कोसळणं तिच्या कानात उलगडलं. अंधाऱ्या खोलीत डोळे सरावले की आधी खुर्ची दिसते, मग टेबल, मग टेबलावरचा पेला, तसं. ही गिटार उजवीकडे. ही दुसरी, डावीकडे, तिच्या मागोमाग. दोन आहेत! ती धावत दादाकडे गेली, "दोन आहेत रे, दोन वेगवेगळ्या आहेत!" दादा दाढी करत होता. आरशातूनच तिच्याकडे बघून म्हणाला, "आत्ता कळलं तुला?" पण त्याच्या फेसाळ तोंडावर इतका आनंद होता की तो तिला कधीच विसरता आला नाही. पुढं तो नोकरीसाठी लांब गेला, कॅसेट्स तिला देऊन गेला, आणि काही वर्षांनी फोनवर हसत म्हणाला, "अजून ऐकतेस तू ते? अगं, वयं काय झाली आपली!" ज्यानं पोहायला शिकवलं त्यानंच पाण्यात काय ठेवलंय म्हणावं, तसं वाटलं तिला. त्याच्या घरी आता दिवसभर बातम्या चालू असतात.

मग टायरच्या दुकानामागची ती शेड. भिंतींना अंड्यांचे रिकामे ट्रे चिकटवलेले, आत रबराचा वास, आणि चार-पाच जण, जे स्वतःला बँड म्हणवायचे. ती मैत्रिणीच्या भावाबरोबर तिथं गेली आणि पुन्हा पुन्हा जात राहिली. त्यांच्यात एकटी मुलगी ती. आल्या आल्या तिची तोंडी परीक्षा झाली. कुठल्या बँडचा पहिला ड्रमर कोण, तो का सोडून गेला, दुसरा चांगला की पहिला. तिनं सगळं घोटून ठेवलं होतं. तिथले नियम कडक होते. की-बोर्ड म्हणजे गद्दारी. प्रेमाचं गाणं म्हणजे हसण्याचा विषय. जी चाल एखाद्या मावशीला गुणगुणता येते ती चाल वाईटच. जे वेगात आहे ते चांगलं, त्याहून वेगात आहे ते त्याहून चांगलं. तिनं हे सगळं मान्य केलं, काळे टी-शर्ट घेतले, आणि एक मऊ, सुरेल अल्बम, जो तिला मनापासून आवडायचा, तो घरी कपाटात लोकरी कपड्यांखाली लपवला. चोरून खाण्याच्या वस्तूसारखा ती तो ऐकायची. आवडनिवड म्हणजे कशाकशाला नाही म्हणायचं, असंच त्या काळात तिला वाटत होतं, आणि त्या वयात नाही म्हणण्यात केवढी ताकद होती.

तो कोपऱ्यात उभा असायचा. बास, म्हणजे खालच्या सुरांची गिटार, वाजवायचा आणि जागचा हलायचा नाही, म्हणून पोरं त्याला खांब म्हणायची. त्यानं तिची परीक्षा घेतली नाही. कितीतरी दिवस तो तिच्याशी बोललाच नाही. मग एकदा वायरी गुंडाळता गुंडाळता खाली बघून म्हणाला, "तू पाय ड्रमवर धरतेस."

"म्हणजे?"

"ताल धरतेस तो. ड्रमवर धरतेस. एकदा माझ्यावर धरून बघ."

शेडमध्ये जो काय हलकल्लोळ झाला! पोरांनी पत्रे बडवले. तो कानापर्यंत लाल झाला आणि म्हणत राहिला, "मी वाजवतो त्याच्यावर म्हणजे, बासवर म्हणजे." ती हसली नाही. पुढच्या गाण्याला तिनं खरंच ऐकलं, आणि पहिल्यांदा काहीच ऐकू आलं नाही. मग त्यानं मुद्दाम, चालू गाण्यात, वाजवायचं थांबवलं. गाणं चालूच होतं, पण त्याच्याखालची जमीन गेली होती. सगळे आवाज तसेच होते आणि तरी सगळे अधांतरी झाले होते. त्यानं तिच्याकडे बघितलं आणि परत वाजवायला सुरुवात केली. तिला वाटलं, असं कुणी आपल्याला उचलून घरी आणून ठेवावं. लग्न झालं ते बहुधा तेव्हाच. बाकीचं घरच्यांनी नंतर केलं.

पोटापाण्यासाठी तो लिफ्ट दुरुस्त करायचा. इमारतीच्या भिंतीला कान लावून म्हणायचा, "वरचं बेअरिंग गेलंय." घरीही तो तसाच ऐकायचा, जमिनीवर पाठ टेकून, टाच फरशीवर ठेवून. दोघांनी मिळून काय काय ऐकलं. तिशीत त्यांना घशातून खरवडून गाणारे आवडायला लागले, ज्यांचा एक शब्द कळत नाही. हॉस्पिटलातल्या मैत्रिणीनं विचारलं होतं, "अगं, पण तो म्हणतोय काय?" तेव्हा ती म्हणाली होती, "तू ठेच लागल्यावर काय म्हणतेस? तेच." मग हळूहळू त्याला संथ आवडायला लागलं. इतकं संथ की एक सूर वाजवून गिटारवाला चहा पिऊन येईल. तिला आधी ते झेपेना. तो म्हणाला, "घाई गेली ना, की खरं जड होतं बघ." आई, म्हणजे त्याची आई, त्यांच्याबरोबरच राहायच्या. आयुष्यभर त्यांनी टेलिफोन एक्सचेंजमध्ये काम केलं होतं, दिवसभर कानांवर यंत्र घालून अनोळखी माणसांना एकमेकांशी जोडून दिलं होतं, आणि निवृत्तीनंतर त्यांना शांतता हवी होती. संध्याकाळी त्या फिरायला जायच्या आणि परत आल्या की दारातूनच विचारायच्या, "संपलं का तुमचं दळण?" तो म्हणायचा, "दोन मुठी राहिल्यात." आई चपला न काढता तशाच बाहेरच्या पायरीवर बसायच्या, दोन मुठी संपेपर्यंत.

तो एका दुपारी गेला. लिफ्टच्या वरच्या खोलीत काम करत होता, तिथंच. बरोबरचा माणूस म्हणाला, "खाली बसतो जरा म्हणाला, आणि बसला." हृदय. त्यानंतर घरात कितीतरी महिने कुणी काही लावलं नाही. लावणार कसं, प्रत्येक गाण्याखाली तो होता. मग एका संध्याकाळी, कशानं कोण जाणे, तिनं त्याचं ते सगळ्यात संथ रेकॉर्ड लावलं. एक जाडजूड सूर भिंतीसारखा उभा राहिला आणि ती त्याला टेकली. खरंच टेकली, स्पीकरला पाठ लावून बसली आणि पहिल्यांदा धडपणे रडली. तेव्हापासून रोज, कामावरून आल्यावर, एक रेकॉर्ड. फळीवरच्या डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत, आणि परत डावीकडून. मधलं कुठलं वगळायचं नाही, जे त्याला आवडायचं आणि तिला नाही, तेसुद्धा. आई फिरायला जायच्या बंद झाल्या होत्या. पलीकडच्या खोलीत दार किलकिलं ठेवून पडून असायच्या. दळण संपलं का, असं त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. दोघींनी या गोष्टीबद्दल चकार शब्द काढला नव्हता, आणि अशी वर्षं गेली होती.

त्यामुळे सकाळचा तो कंटाळा ही काही साधी गोष्ट नव्हती. दिवसभर ती त्याला झाकत राहिली. घरी आल्यावर फळीपुढं उभी राहिली. आज कुठलं, ते तिला माहीत होतं. हात वर गेला, रेकॉर्डच्या कडेला बोट लागलं, आणि तिथंच राहिलं. मग तिनं स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवलं. पाणी उकळण्याचा आवाज घरभर झाला. जरा वेळानं आई भिंतीचा आधार घेत दारात आल्या.

"आज काही लावलं नाहीस."

"डोकं दुखतंय जरा."

"डोकं दुखत नाहीये तुझं," आई म्हणाल्या आणि स्टूल ओढून बसल्या. "डोकं दुखतं तेव्हा तू कपाट जोरात लावतेस."

ती चहा गाळत राहिली. पाठमोरं असताना सोपं होतं. "कंटाळा आलाय आई. मला ते आवडतच नाहीये. सकाळी बसमध्ये कळलं. म्हणजे त्याआधीपासून असेल." आणि मग, कपात बघत, "असं कसं होईल? वाईट वाटत नाही, राग येत नाही, काहीच होत नाही. मी ऐकते आणि काहीच होत नाही."

आईंनी कानावरचे केस मागं सारले. मग म्हणाल्या, "एक्सचेंजमध्ये आम्हाला बोलणं ऐकायची मनाई होती. पण लाइन जोडली की क्षणभर ऐकू यायचंच. समोरचा खरंच ऐकतोय, की नुसता रिसीव्हर धरून बसलाय, ते मला लगेच कळायचं. ऐकणाऱ्याची शांतता वेगळी असते." त्यांनी कप घेतला. "तू गेले कितीतरी दिवस नुसता रिसीव्हर धरून बसतेस."

तिला हे इतकं अनपेक्षित होतं की ती खाली फरशीवरच बसली, ओट्याला टेकून. "तुम्हाला कळत होतं?"

"घरात दुसरं काय आहे ऐकायला?"

"मग बोलला नाहीत कधी."

"काय बोलणार? माझा स्वार्थ होता ना." आईंनी चहाचा घोट घेतला. "मला त्यातलं काही कळत नाही. आवडलंही नाही कधी, खोटं कशाला बोलू. पण त्याची सवय होती बघ, गाणं लागलं की तो फरशीवर टाच मारायचा. लहानपणापासून. पाळण्यातसुद्धा मारायचा. मी पायरीवर बसून ती टाच ऐकायची. तू लावायला लागलीस, तेव्हा मला वाटायचं, आता वाजेल." त्यांनी कप खाली ठेवला. "ती कशी वाजेल? पण दार उघडं ठेवायची मी."

ती आईंच्या पायांशी सरकली. तिनं त्यांच्या पावलावर हात ठेवला. पाऊल थंड होतं. इतकी वर्षं एका भिंतीच्या दोन बाजूंना बसून दोघी एकाच माणसाची वाट बघत होत्या, आणि दोघींनाही वाटत होतं की दुसरीसाठी हे चालू ठेवलं पाहिजे. एक विचार तिच्या मनात आला आणि त्यानं तिला शरम वाटली, आणि सुटल्यासारखंही वाटलं: यातलं माझं किती होतं? हे ऐकायचं, ते नाही, हे दादानं सांगितलं. की-बोर्ड नको, हे शेडमधल्या पोरांनी. आणि नंतरचं सगळं त्याच्याबरोबर, त्याच्यासाठी, त्याच्याऐवजी.

"नको लावू," आई म्हणाल्या. "त्याची ड्यूटी आपण दोघींनी किती दिवस करायची?"

नंतरचे दिवस विचित्र गेले. घरात नळ, पंखा, शेजाऱ्यांची भांडणं असं सगळं ऐकू यायला लागलं. तिला वाटलं होतं, आता वय झालं, आता आपल्याला काहीतरी शांत, समजूतदार आवडायला लागेल. माणसांचं तसंच होतं म्हणतात. तिनं आईंच्या रेडिओवरची जुनी गाणी ऐकून पाहिली. छान होती. तिला झोप आली. मैत्रिणीनं बासरी पाठवली, ती ऐकतानाही झोप आली. आईसुद्धा म्हणाल्या, "जाऊ दे, तुझं तोंड बघवत नाही." मग काहीच नाही. कपड्यांची घडी घालताना काळ्या टी-शर्टांची चळत हातात घेऊन ती बराच वेळ उभी राहायची, आणि परत कपाटात ठेवून द्यायची.

अशात एका सकाळी गुडघ्याच्या स्कॅनसाठी एक मुलगी आली, पंचविशीची, कुबडीवर. "अंगावर काही मेटल आहे का?" विचारल्यावर तिनं एक एक काढायला सुरुवात केली. कानातल्या चार बाळ्या, नाकातली एक, भुवईतली एक, दोन्ही हातांतली कडी, पट्टा, जाकिटावरच्या पिना. ट्रे भरला. "दुसरा आणू का?" तिनं विचारलं, आणि मुलगी खळखळून हसली. पिनांवर एकाच बँडचं काटेरी अक्षरांतलं नाव होतं, जे तिनं कधी ऐकलं नव्हतं.

"कुठला बँड हा?"

"आमचाच आहे. मी गाते." मुलीनं तिच्याकडे जरा संशयानं बघितलं. "मेटल आहे मॅडम. तुम्हाला गोंगाट वाटेल."

"गुडघ्याचं काय केलंस?"

"स्टेजवरून उडी मारली. लोकांनी झेललं, पण सगळी मी नाही झेलली गेले. एक गुडघा राहिला."

तिला हसू फुटलं, आणि ते कितीतरी दिवसांनी पोटातून आलं होतं. स्कॅन झाल्यावर गाऊन परत देताना मुलगी म्हणाली, "रविवारी संध्याकाळी आहे आमचा शो. क्लबच्या हॉलमध्ये. या ना."

"अशा गुडघ्यानं?"

"स्टुलावर बसून गाईन. गळा तर धड आहे!"

रविवारी तिनं टी-शर्ट घातला, त्यानं आणलेला, धुऊन धुऊन करडा झालेला. हॉलमध्ये तिच्या वयाचं कुणी नव्हतं. ती मागच्या भिंतीला लागून उभी राहिली. दिवे गेले, आणि स्टेजवर पहिली वस्तू तिला काय दिसली, तर की-बोर्ड. तिला आत कुठंतरी शेडमधली पोरं पत्रे बडवताना ऐकू आली. तोही होता, कोपऱ्यात. त्यानं एक भुवई उचलली. मुलगी स्टुलावर बसली होती, पट्टा बांधलेला पाय पुढं ताणून. ती गायला लागली, मोकळ्या, उंच आवाजात, आणि मधेच तोच आवाज फाडून खाली टाकायची, आणि पुन्हा उचलायची. चाल अशी होती की कुठल्याही मावशीला गुणगुणता आली असती. पहिलं गाणं तिनं त्याच्या कानांनी ऐकलं: बास मागं पडलाय, की-बोर्ड फार गोड आहे, ड्रमर घाई करतो. सगळं बरोबर होतं. दुसऱ्या गाण्यात, खालच्या आवाजातून वरच्या आवाजात जाण्याआधी मुलीनं श्वास घेतला. तो माइकमधून सगळ्या हॉलला ऐकू आला, एक खरखरीत, घाबरलेला, कसाबसा पुरेल असा श्वास. आणि तिच्या मानेपासून पाठीपर्यंत काटा आला. तिनं मनगट बघितलं नाही. तिनं कोपऱ्याकडेही बघितलं नाही, आणि हे तिला गाणं संपल्यावर कळलं: आपण त्याला विचारलंच नाही. हा बँड तो गेल्यानंतर जन्मला होता. हे गाणं त्यानं ऐकलेलंच नव्हतं. त्याचं यावर काही मत नव्हतं, असणार नव्हतं, आणि तरी गाणं होतं, आणि ती इथं होती. ती पुढं निघाली.

पुढं पोरं गोल गोल धावत एकमेकांवर आपटत होती. तरुणपणी ती कायम कडेला उभी राहायची, त्याचं जाकीट सांभाळत. आता हातात काही नव्हतं. ती आत गेली. एक धक्का खांद्याला, एक पाठीला. तिनंही एकाला चांगला दिला. आणि मग कुणाच्या तरी पायात पाय अडकला, गुडघा फरशीवर आदळला, चष्मा उडाला. क्षणभर नुसते बूट आणि उजेड. एक मात्र तिला माहीत होतं, इथं कुणी पडलं की सगळे थांबतात. तेच झालं. चारी बाजूंनी हात आले, काखेतून, कोपरातून, आणि ती उभी झाली. कुणीतरी ओरडलं, "काकू पडल्या! अरे सरका, काकू पडल्यात!" तिच्याभोवती पोरांनी हातात हात घालून रिंगण केलं. एका दाढीवाल्यानं वाकून घामेजल्या तोंडानं विचारलं, "काकू, लागलं का?" पलीकडे कुणीतरी तिचा चष्मा हवेत उंच धरला होता, "कुणाचा? चष्मा कुणाचा?" आणि तो हातोहात, डोक्यांवरून, तिच्यापर्यंत आला. काकू! तिला इतकं हसू आलं की उभं राहवेना, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि पोरांना कळेना की काकूंना नक्की झालंय काय.

"बाजूला बसता का काकू? खुर्ची आणू?"

"नको," ती म्हणाली. "पण जरा हळू धडका रे."

"हळू कसं धडकणार?" दाढीवाला गंभीरपणे म्हणाला, आणि स्टेजवर पुढचं गाणं सुरू झालं.

घरी आली तेव्हा आई जाग्याच होत्या, दिवा लावून, सूप गरम करायला ठेवून. लंगडत आत येणाऱ्या सुनेकडे त्यांनी वरपासून खालपर्यंत बघितलं आणि काही न विचारता फ्रिजमधून बर्फ काढला, फडक्यात बांधला. ती खुर्चीत बसली, पाय स्टुलावर. आई समोर बसून बर्फ धरून राहिल्या.

"कसं होतं?"

तिनं विचार केला. "की-बोर्ड होता."

"मग?"

"त्याला चाललं नसतं. बाहेर जाऊन जिन्यात उभा राहिला असता."

आई हसल्या. "हट्टीच मेला," त्या सवयीनं म्हणाल्या, आणि तो शब्द तोंडातून गेल्यावर दोघी स्तब्ध झाल्या. लहानपणापासून त्याला हजारदा म्हटलेला साधा लाडाचा शब्द. आईंनी तोंडावर हात ठेवला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. तिला वाटलं रडतायत, पण त्या हसत होत्या, अगदी आवाज न करता, आणि मग तीही. बर्फाचं पाणी तिच्या पोटरीवरून ओघळत फरशीवर पडत होतं.

"आणि तुला?" जरा वेळानं डोळे पुसत आईंनी विचारलं.

"मला आवडलं, आई." तिनं ते पुन्हा म्हणून पाहिलं, स्वतःला ऐकू यावं म्हणून. "मला खूप आवडलं."

आईंनी फडकं पिळलं, घडी बदलली, आणि थंड बाजू पुन्हा तिच्या गुडघ्यावर ठेवली.

"मग पुढच्या वेळी जाशील तेव्हा," त्या म्हणाल्या, "आधी गुडघ्याला पट्टा बांधून जा."